दुधाचं अनुदान ‘वरून आलं नाही’ म्हणजे नक्की कुठून आलं नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी सांगतो, म्हणजे चुकलं असेल तर तुम्ही तिथंच थांबवाल. इंदापूर तालुक्यात पाच गाईंचा गोठा, रोजचं साधारण ५५ लिटर दूध. डेअरीचं खातं वडिलांच्या नावावर, दूध एका खाजगी डेअरीच्या केंद्रावर जातं. २०२४ च्या गाय दूध अनुदानाचे जुलैचे पैसे वडिलांच्या खात्यात आले. ऑगस्ट-सप्टेंबरचे आलेच नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे मिळून फक्त ७,७०० रुपये आले. केंद्रचालक म्हणतो ‘वरून आलं नाही’. जनावरांच्या दवाखान्यात म्हणतात ‘डेअरीला विचारा’. त्याच केंद्रावर दूध घालणाऱ्या शेजाऱ्याला मात्र सगळे मिळाले. आणि शेवटचा प्रश्न, दीड रुपया जास्त देणाऱ्या दुसऱ्या डेअरीकडं जावं का?

मी संगमनेर-अकोले पट्ट्यात सतरा वर्षं दूध संकलनात आहे. सुरुवात फॅट लावणारा, म्हणजे दुधातली स्निग्धता मोजणारा पोरगा म्हणून केली, आता एका सहकारी संस्थेचा सचिव आहे. २०२४ मध्ये आमच्या उत्पादकांच्या याद्या मी स्वतः भरल्या, परत आलेल्या दुरुस्त केल्या, आणि ज्यांचे पैसे अडकले त्यांच्या शिव्याही खाल्ल्या. त्यामुळं ‘वरून आलं नाही’ हे वाक्य मीही बोललोय. खोटं नसतं ते. पण त्यात काहीच सांगितलेलं नसतं.

तुमच्या प्रश्नात मधे एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहून गेलात: ‘श्रावण लागताना दोन गाई काढल्या आणि लोणीच्या बाजारातून तीन आणल्या.’ माझ्या मते तुमचं उत्तर तिथंच आहे. कसं ते सांगण्याआधी योजनेचा आराखडा थोडा बघून घेऊ, कारण नक्की किती पैशांची वाट बघायची इथंच बऱ्याच जणांचा गोंधळ आहे.

२०२३ च्या जुलैत सरकारनं ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) गाय दुधाला ३४ रुपये दर ठरवून दिला होता. तो कागदावर राहिला, दिवाळीच्या आसपास बाजार २५-२७ वर आला. मग डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात लिटरला ५ रुपये अनुदानाची घोषणा झाली. आधी फक्त सहकारी संघांपुरती होती, जानेवारीच्या निर्णयात खाजगी डेअऱ्याही आल्या. डेअरीनं किमान २७ रुपये द्यायचे, ५ सरकार देणार. मुदत ११ जानेवारी ते १० फेब्रुवारी २०२४, मग वाढवून १० मार्चपर्यंत. तिथं खंड पडला. मधल्या ११ मार्च ते ३० जूनचं अनुदान नव्हतंच. आजही काहीजण त्या महिन्यांचे पैसे ‘अडकले’ म्हणून फिरतात. १ जुलैपासून पुन्हा सुरू झालं: डेअरीचे ३० आणि सरकारचे ५. मग १ ऑक्टोबरपासून डेअरीचे २८ आणि सरकारचे ७, ते ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत.

हा ऑक्टोबरचा बदल जरा थांबून बघा. गावात पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं, ‘अनुदान दोन रुपयांनी वाढलं’ म्हणून. ३० अधिक ५ म्हणजे ३५. २८ अधिक ७ म्हणजेही ३५. शेतकऱ्याच्या हातात एक पैसाही जास्त आला नाही. डेअरीला मात्र लिटरमागं दोन रुपये कमी द्यावे लागले आणि ते दोन रुपये तिजोरीवर गेले. मी डेअरीच्याच बाजूला बसतो, त्यामुळं त्यामागचं कारणही मला माहीत आहे. पावडर आणि लोण्याचे भाव पडले होते, ३० रुपये परवडत नाहीत अशी ओरड होती, आणि ती सगळीच खोटी नव्हती. पण शेतकऱ्याच्या बाजूनं याचा अर्थ असा, की जे दोन रुपये दर दहा दिवसांच्या पगारात, म्हणजे डेअरीच्या दूध बिलात, रोखठोक मिळत होते ते आता कागदपत्रं जुळली तरच आणि जुळतील तेव्हाच मिळणार होते. ज्याची कागदं जुळली नाहीत त्याला सप्टेंबरात ३० मिळत होते, ऑक्टोबरात २८. म्हणजे त्याला हे ‘वाढलेलं’ अनुदान दोन रुपयांनी महाग पडलं. तुम्ही त्यातलेच आहात.

आता तुमची रक्कम मोजू. ऑगस्ट-सप्टेंबर ६१ दिवस, ५५ लिटर, ५ रुपये: १६,७७५. ऑक्टोबर-नोव्हेंबरही ६१ दिवस, ७ रुपयांनी २३,४८५. त्यातले ७,७०० आले. दूध रोज वरखाली होतं, त्यामुळं हा ढोबळ आकडा आहे, खरा आकडा तुमच्या पगाराच्या पावत्यांवरून काढा. पण साधारण साडेबत्तीस हजारांचा प्रश्न आहे, सोडून द्यावा असा नक्कीच नाही.

पैसे अडकल्याची तक्रार घेऊन कोणी आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: एकदाही आले नाहीत, काही काळाचे आले, की आले पण लिटर कमी धरून आले? ‘अनुदान मिळालं नाही’ या एकाच वाक्यात ही तीन वेगळी दुखणी लपलेली असतात आणि तिन्हींची औषधं वेगळी. एकदाही आले नसतील तर बहुतेक वेळा आधार किंवा बँक. आधी आले आणि मग बंद झाले तर मधल्या काळात काहीतरी बदललं. आणि लिटर कमी धरले असतील तर डेअरीनं पाठवलेल्या आकड्यात घोळ.

तुमचे जुलैचे पैसे आले. म्हणजे वडिलांचं आधार, खातं, डेअरीतलं नाव, हे सगळं त्या वेळी नीट होतं. शेजाऱ्याला त्याच केंद्रावरून सगळे मिळाले. म्हणजे डेअरी योजनेत होती, तिनं याद्या पाठवल्या, आणि किमान दराची अटही पाळली, कारण दरपत्रक दोघांना एकच लागतं. एवढ्यानं अर्धं जंगल साफ होतं. राहिलं ते फक्त तुमच्या नोंदीतलं.

७,७०० ला ७ नं भागा. १,१०० लिटर येतात. ५५ लिटरच्या हिशोबानं बरोबर वीस दिवस, म्हणजे दहा दिवसांचे दोन पगार. याचा अर्थ तुमचे लिटर कोणी कापलेले नाहीत. सहापैकी दोन पगारांचं अनुदान पूर्ण आलं, चारांचं अजिबात आलं नाही. आता तुम्ही एक गोष्ट शोधा: आलेले दोन पगार कुठले? बँकेत एकच आकडा दिसेल, पण पावत्यांवरच्या लिटरशी ताडून कळतं. ते जर नोव्हेंबरचे शेवटचे दोन, म्हणजे ११ ते २० आणि २१ ते ३० असतील, तर मी पैज लावायला तयार आहे. त्याच्या थोडं आधी कोणीतरी, लसीकरणाला आलेल्या डॉक्टरांनी किंवा पर्यवेक्षकानं, तुमच्या नव्या तीन गाईंचे बिल्ले वडिलांच्या नावावर चढवले असणार. घरी विचारा, गोठ्यात त्या सुमारास कोण आलं होतं.

बिल्ला म्हणजे कानातला तो पिवळा टॅग, बारा अंकी. ही योजना लिटरवर असली तरी तिचा एक पाय त्या बिल्ल्यावर आहे. अट अशी होती की उत्पादकाचं आधार बँक खात्याला जोडलेलं असावं आणि त्याच्या गाईंचे बिल्ले त्याच्या आधारशी जोडलेले असावेत. गाय विकली की दोर हातात दिला जातो, पण संगणकावर ती गाय जुन्याच मालकाकडं उभी असते. भारत पशुधनवर, म्हणजे जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, मालकीबदलाची नोंद होईपर्यंत तुमच्या गोठ्यात पाच गाई आणि तुमच्या नावावर दोनच. त्यातही जुलैच्या यादीत डेअरीनं जे बिल्ले लिहिले होते, त्यातल्या दोन गाई तुम्ही विकल्या. ज्यानं घेतल्या त्यानं त्याच्या नावावर करून घेतल्या असतील, तर तुमच्या यादीतले दोन नंबर दुसऱ्या शेतकऱ्याच्या नावाचे निघाले. दोन गाई आणि रोजचं ५५ लिटर दूध असं चित्र समोर आलं की तपासणाऱ्यानं यादी बाजूला ठेवली तर त्याला दोष देता येत नाही.

कोणी म्हणेल, दूध घातलं, पावती आहे, गाईच्या कानाशी काय देणंघेणं? मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण २०१८ आठवा. जुलैत दूध आंदोलन झालं आणि ऑगस्टपासून ५ रुपये अनुदान लागू झालं. त्या वेळी पैसे डेअऱ्यांना मिळत होते, पिशवीबंद विक्री सोडून बाकीच्या दुधासाठी, आणि त्यांनी शेतकऱ्याला २५ रुपये द्यायचे होते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते सोपं होतं, त्याला काहीच करायचं नव्हतं. पण ते पाच रुपये आपल्या पंचविसात नक्की कुठं आहेत हे कोणालाच दाखवता येत नव्हतं. दर आधीच पाडून मग अनुदान घेऊन वर आणला, असा संशय गावोगाव होता. म्हणून २०२४ मध्ये पैसे थेट खात्यात द्यायचं ठरलं. थेट द्यायचे म्हटल्यावर शेतकरी खरा आहे, गाय खरी आहे हे कशावरून, हा प्रश्न येतो. कागदोपत्री दूध दाखवणारे महाभाग आपल्याकडं नाहीत असं कोण म्हणेल? बिल्ल्याची अट मला त्रासदायक वाटते, पण चुकीची वाटत नाही. चूक आहे ती तपासणीत नाव अडकलं तर शेतकऱ्याला कळवायची सोय नसण्यात. महिनोन्महिने माणूस बँकेचं पासबुक छापत बसतो.

शेजारच्या कर्नाटकात हे वेगळ्या पद्धतीनं चालतं. तिथं ‘क्षीरधारे’ नावाची योजना २००८ मध्ये २ रुपयांपासून सुरू झाली, नंतर ५ रुपयांवर गेली. ती कायमची आहे, हंगामापुरती नाही, पण फक्त सहकारी संघांच्या दुधाला. महाराष्ट्रात दुधाचा मोठा वाटा खाजगीकडं जातो, त्यामुळं तसं केलं असतं तर तुमच्यासारखे बाहेरच राहिले असते. शिवाय कायमच्या योजनेत शेतकऱ्याची नोंद एकदा होते आणि चालत राहते. आपल्याकडं दर वेळी दोन-तीन महिन्यांसाठी सगळं नव्यानं.

तुमच्या बाबतीत बिल्ला हेच कारण असावं असं मला वाटतं, पण मी तुमची यादी बघितलेली नाही. ते चुकलं तर पुढं कुठं बघायचं, तेही सांगून ठेवतो. आमच्याकडं जे सापडलं ते सांगतो.

सगळ्यात हास्यास्पद कारण होतं एक्सेल. बारा अंकी बिल्ला एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकला की तो आकडा आखडून दशांशात दिसायला लागतो. तशीच फाइल दुसऱ्या स्वरूपात जतन केली की शेवटचे अंक गेले, त्यांच्या जागी शून्यं. बँक खात्याच्या सुरुवातीला शून्य असेल तर तेही गायब. आमच्या एका फाइलीत अकरा जणांचे बिल्ले असे बिघडले होते. चूक माझ्याच टेबलावर झाली होती, आणि मी तीन आठवडे ‘वरून आलं नाही’ म्हणत होतो. म्हणून डेअरीकडं गेलात तर ‘माझं नाव पाठवलंय का’ असं विचारू नका, ‘पाठवलंय’ असंच उत्तर येणार. संगणकावरची तुमची ओळ दाखवायला सांगा, आणि बिल्ल्याच्या फोटोशी एकेक अंक ताडून बघा. फोटोच न्या, कागदावर लिहून नेऊ नका. शेणानं माखलेल्या बिल्ल्यावर तीन आणि आठ सारखेच दिसतात.

दुसरं, बँक. खात्याला आधार ‘दिलेलं’ असणं आणि थेट लाभासाठी आधार ‘जोडलेलं’ असणं या दोन गोष्टी आहेत. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली असं नाही. शिवाय थेट लाभ एका आधारवर एकाच खात्यात जातो, जे सर्वात शेवटी जोडलं त्यात. त्याच २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेसाठी गावातल्या किती बायकांनी पोस्टाच्या बँकेत नवीन खाती काढली आठवतंय ना? आमच्या एका वहिनींचं डेअरीतलं खातं त्यांच्याच नावावर, पैसे येणं बंद. चार महिने जिल्हा बँकेत हेलपाटे. एक दिवस पोस्टात गेल्या तर अनुदान तिथं येऊन पडलेलं. तुमच्या वडिलांनी मधल्या काळात कुठं नवीन खातं उघडलं असेल तर तिथंही बघा. आधारच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नंबरानं गेलं की कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं, पाच मिनिटांचं काम.

पतसंस्थेतलं खातं असेल तर मुळातच थेट लाभ येणार नाही. पगार पतसंस्थेत घेणारे आमच्या भागात बरेच आहेत, कारण कर्जाचा हप्ता तिथल्या तिथं वळता होतो. त्यांना अनुदानासाठी बँकेचं वेगळं खातं द्यावं लागलं. आणि पगार रोखीनं घेणारे तर योजनेतच बसत नव्हते, दुधाचे पैसे खात्यात जमा होणं ही अटच होती. तुमचा पगार बँकेत येतो असं दिसतंय, त्यामुळं हे तुम्हाला लागू नाही.

तिसरं, घरातली नावं. दूध वडिलांच्या नावावर, बिल्ले मारायला डॉक्टर आले तेव्हा घरी आई होती म्हणून आधार आईचं, गाई आणायला कर्ज काढलं ते मुलाच्या नावावर. घरात सगळं एकच असतं, संगणकाला ते तीन अनोळखी लोक वाटतात. नव्या तीन गाई नोव्हेंबरात चढवल्या असतील तर त्या कोणाच्या आधारवर चढल्यात हे जरूर बघा. तुम्ही गोठ्यात उभे होतात आणि तुमचंच आधार दिलं असेल, तर पुढच्या योजनेला हाच तमाशा पुन्हा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. दवाखान्यात जाऊन पाचही गाईंची नोंद कोणाच्या नावावर आहे आणि मालकीबदल कुठल्या तारखेला झाला ते बघून घ्या. ती तारीख महत्त्वाची. मग डेअरीकडून दोन गोष्टी मागा: ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या पगाराच्या पावत्यांची प्रत, आणि ऑनलाइन यादीत तुमच्या नावापुढं दिसणारा शेरा. यादी परत आली असेल तर काही ना काही कारण लिहिलेलं असतं. केंद्रचालकाकडं हे नसतं, तो फक्त दूध घेतो. डेअरीच्या मुख्य कार्यालयात जा, जिथून याद्या भरल्या गेल्या. सकाळी संकलनाच्या वेळी जाऊ नका, कोणी तुमच्याकडं बघणारही नाही. अकरा-साडेअकराला जा.

त्यानंतर वडिलांच्या सहीनं जिल्हा दुग्धव्यवसाय विकास अधिकाऱ्यांकडं एक पानी अर्ज द्या. गाई कधी घेतल्या, बाजाराची पावती असेल तर ती, मालकीबदलाची तारीख, कुठल्या पगारांचं अनुदान आलं आणि कुठल्यांचं नाही, लिटर किती, रक्कम किती. ‘अनुदान मिळत नाही, न्याय द्यावा’ असे अर्ज त्या टेबलावर ढिगानं पडलेले असतात. त्यात दिनांक आणि लिटर लिहिलेला अर्ज उठून दिसतो, आणि खरं सांगायचं तर तपासणाऱ्यालाही सोपा जातो. पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात विचारा. खाजगी डेअरी त्या कायद्यात थेट येत नसली, तरी तिनं सरकारी प्रणालीत भरलेली तुमची नोंद विभागाकडं असते. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. प्रश्न नेमका ठेवा: अमुक उत्पादकाची १ ऑगस्ट ते १० नोव्हेंबर या काळाची माहिती प्राप्त झाली का, कधी, आणि अपात्र असल्यास कारण काय. मोघम विचारलं की मोघम येतं.

पैसे मिळतील का? ऑक्टोबर-नोव्हेंबरचे चार पगार अडले ते डेअरीच्या याद्या उशिरा गेल्यामुळं असतील तर आशा बरी आहे, आमच्याकडं तसे काहींचे पुढच्या वर्षात आले. त्या काळात गाईच दुसऱ्याच्या नावावर होत्या म्हणून अडले असतील, तर मागच्या तारखेनं दुरुस्ती मान्य करणं हे अधिकाऱ्यावर आणि तुमच्या पुराव्यावर आहे. बाजार समितीची पावती ऑगस्टची असेल तर तुमची बाजू भक्कम. पावती नसेल, ‘ओळखीतल्या दलालाकडून घेतल्या’ असं असेल, तर मी खोटी आशा दाखवणार नाही.

यापुढं गाय घ्याल तेव्हा विकणाऱ्याचा मोबाइल नंबर आणि बिल्ल्याचा फोटो घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नका. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला तशीही मनाई आहे, पण बाजारात बिल्ला आहे की नाही एवढंच बघतात. तो कोणाच्या नावावर आहे हे तुम्हालाच बघायचंय. घरी आल्यावर आठवड्याच्या आत दवाखान्यात मालकीबदल करून घ्या, आणि नवीन नंबर डेअरीलाही द्या. दुसरी पायरी सगळे विसरतात. बिल्ला तुटून पडला, गाय मेली, तरी तेच.

राहिला डेअरी बदलण्याचा प्रश्न. अनुदान अडकलं म्हणून राग येऊन बदलू नका. अडचण तुमच्या नोंदीत असेल तर ती तुमच्याबरोबर नव्या डेअरीत येईल, वर जुन्या डेअरीला तुमची यादी दुरुस्त करण्यात काही रस उरणार नाही. आधी हे प्रकरण मार्गी लावा.

दराचं म्हणाल तर तुम्ही दोन आकडे दिलेत: इथं २८, तिथं साडेएकोणतीस. हे दोन्ही ३.५-८.५ चे दर. तुमचं दूध ३.६ फॅट आणि ८.३ एसएनएफ लागतं असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या डेअरीनं योजनेच्या वेळचा पॉइंटला (०.१ म्हणजे एक पॉइंट) ३० पैशांचा हिशोब अजून ठेवलाय. फॅटचा एक पॉइंट वर, ३० पैसे जमा. एसएनएफचे दोन पॉइंट खाली, ६० पैसे वजा. हातात २७ रुपये ७० पैसे. दुसरी डेअरी एसएनएफला पॉइंटमागं एक रुपया कापते असं तुम्ही म्हणता. फॅटचे ३० पैसे धरले तरी साडेएकोणतीस अधिक ३० पैसे, वजा दोन रुपये: २७ रुपये ८० पैसे. दीड रुपयाचे झाले दहा पैसे. ५५ लिटरला दिवसाचे साडेपाच रुपये. उन्हाळ्यात हिरवा चारा आटला आणि एसएनएफ ८.२ वर आलं की इथं तुम्हाला २७.४० मिळतील आणि तिथं २६.८०. वरचा बोर्ड बघून दूध घालणाऱ्यांची फसगत इथंच होते. दर विचारताना नेहमी आपल्या दुधाच्या फॅट-एसएनएफला काय पडतं ते विचारायचं.

या निमित्तानं माझी एक जुनी तक्रार. देशभरात गाय दुधाचं अन्नसुरक्षेचं मानक ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ आहे. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या घोषणेत दर त्याच मानकावर, २९ रुपये, होता. पंधरा दिवसांत निर्णय निघाला तो ३.५-८.५ ला २७ असा. तुमचं ८.३ चं दूध कायद्यानं अस्सल आहे, तरी दरपत्रकात त्याचे दोन पॉइंट कापले जातात. संकरित गाईंच्या गोठ्यात ८.५ सातत्यानं टिकवणं किती अवघड असतं ते खाली बसून धार काढणाऱ्यालाच कळतं.

दुसऱ्या डेअरीचा विचार नंतरही कराल तर पगार दहा दिवसांनी होतो की लांबतो, पेंड उधारीवर मिळते का, आणि पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ, दर हे चारही छापून येतात का हे बघा. पुढं पुन्हा अनुदान लागलं तर हीच पावती तुमचा पुरावा असणार आहे. आणि गोठ्याचं गणित मांडताना अनुदान त्यात धरू नका. तीन गाईंचा हप्ता तुम्ही ३५ रुपये धरून बसवला असेल तर आत्ताच २८ धरून पुन्हा मांडून बघा, आणि जमत नसेल तर बँकेशी हप्त्याबद्दल आजच बोला, थकल्यावर नको.

मालकीबदलाची तारीख आणि ते दोन पगार कुठले होते, एवढं कळलं की इथंच लिहा. नोव्हेंबरचे शेवटचे दोन नसतील तर माझा अंदाज चुकला, मग यादीतला शेरा बघून दुसरीकडून शोधू.